यंत्राला नाही म्हटल्यावर

अमेरिकेतल्या आमिश लोकांविषयी वाचलं की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो: घरात वीज नाही, दारात मोटार नाही, टीव्ही नाही, तर या माणसांचा दिवस चालतो कसा? दुसरा प्रश्न जरा मागून येतो: सगळं मिळत असताना कुणी ते मुद्दाम का नाकारेल?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला पेन्सिल्व्हानियापर्यंत जायची गरज नाही. धुळे-जळगाव हमरस्त्यावर हिवाळ्यातल्या सकाळी पांढऱ्या वस्त्रांतल्या तीन-चार साध्वी अनवाणी चालत जाताना दिसतात. तोंडावर मुहपत्ती (कापडी पट्टी), काखेत ओघा (मऊ कुंचा), हातात लाकडी पातऱ्यांची (भिक्षेच्या भांड्यांची) झोळी. शेजारून ट्रक, एसटी आणि मोटारी धावत असतात. त्यातल्या एकाही वाहनात त्या बसणार नाहीत, आज नाही आणि आयुष्यभर नाही. खान्देशातल्या गावोगावच्या जैन स्थानकांमुळे हे दृश्य इथल्या माणसाला इतकं ओळखीचं आहे की त्यामागची रचना काय आहे, हे विचारायचं राहूनच जातं. ती रचना आपण पायरीपायरीनं समजून घेऊ.

१. आधी आमिशांचं खरं चित्र

१६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातल्या एका ख्रिस्ती पंथात फूट पडली. याकोब आमान या धर्मगुरूच्या मागे जे गेले, ते आमिश. अठराव्या शतकात ते अमेरिकेत येऊ लागले. आज त्यांची संख्या सुमारे चार लाख आहे.

हे लोक सगळी यंत्रं नाकारतात, हा मोठा गैरसमज आहे. पेन्सिल्व्हानियातल्या लँकेस्टर भागातले जुन्या वळणाचे आमिश मोटार विकत घेत नाहीत, पण गरजेला दुसऱ्याची गाडी चालकासकट भाड्यानं घेतात. घरात फोन ठेवत नाहीत, पण शेताच्या कडेला एखाद्या खोपटात फोन असतो आणि तो चार घरं मिळून वापरतात. सरकारी तारांमधली वीज घेत नाहीत, पण सुतारकामाची हत्यारं दाबलेल्या हवेवर चालवतात.

वरवर पाहता यात विसंगती वाटते. पण आपल्या गावात पूर्वी एकाच घरी टीव्ही असायचा आणि सगळी आळी रविवारी तिथे जमायची, ते दिवस आठवून बघा. तेव्हाही टीव्ही पाहिला जायचा, पण तो पाहायला उठून जावं लागे, दुसऱ्याच्या घरी बसावं लागे, वेळ संपली की परतावं लागे. घरोघरी टीव्ही आल्यावर पाहणं वाढलं आणि जमणं थांबलं. आमिश हाच फरक जपतात. वस्तू वाईट आहे का, हा त्यांचा प्रश्नच नाही. ती घरात आल्यावर माणसांमधलं येणंजाणं तुटेल का, एवढंच ते विचारतात. मोटार आली की नातलग दूर राहायला जातील, म्हणून घोडागाडी. घोडागाडीच्या पल्ल्यात जेवढी घरं येतात, साधारण २० ते ४० कुटुंबं, तेवढाच एक धर्मसमूह. आपले नियम काय, यावर हा समूह वर्षातून दोनदा पुन्हा एकमत करतो.

म्हणजे नकार हे एक साधन आहे आणि समूह टिकवणं हा त्याचा हेतू आहे.

२. आपल्याकडच्या नकाराचं मूळ वेगळं

जैन साधू-साध्वींचा नकार दुसऱ्या ठिकाणाहून येतो. जैन विचारानुसार माणूस आणि प्राणी यांच्याइतकेच पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांचेही जीव असतात. दिवा पेटवला की अग्नीच्या जीवांची हिंसा होते, पंखा फिरवला की वायूच्या, नळाचं कच्चं पाणी प्यालं की पाण्याच्या. गृहस्थाला संसार चालवायचा म्हणून त्यातलं काही करावं लागतं. दीक्षा घेतलेल्यानं मात्र ही हिंसा स्वतः करायची नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यायची नाही आणि कुणी केली तर तिला संमतीही द्यायची नाही.

या एका सूत्रातून पुढचं सगळं निघतं. वीज वर्ज्य म्हणून दिवा, पंखा, फोन नाही. वाहनाखाली असंख्य जीव मरतात म्हणून वाहन नाही. पैसा जवळ ठेवायचा नाही म्हणून खरेदी नाही. स्वयंपाकात अग्नी आणि पाणी दोन्ही लागतात, म्हणून स्वयंपाकही नाही.

आमिशांनी समूह वाचवायला यंत्र बाजूला ठेवलं, साध्वींनी जीव वाचवायला. परंतु परिणाम पाहिला तर दोन्ही वाटा एका ठिकाणी येऊन मिळतात. यंत्र काढून घेतलं की त्याची जागा रिकामी राहत नाही, तिथे माणसं येऊन उभी राहतात.

३. धुळे ते जळगाव, एक हिशोब

आता एक सोपं उदाहरण सोडवू. धुळ्याहून जळगाव साधारण ९० किलोमीटर. एसटीनं निघालं तर दोन-अडीच तासांचा रस्ता. साध्वी रोज सरासरी १५ किलोमीटर चालल्या, असं धरू. ९० भागिले १५, म्हणजे सहा दिवस.

फरक अडीच तास आणि सहा दिवस एवढाच असता, तर त्याला गैरसोय म्हणून सोडून देता आलं असतं. पण सहा दिवसांचा अर्थ पाच मुक्काम. एसटीतल्या प्रवाशासाठी फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी ही खिडकीतून मागे पडणारी नावं आहेत. चालणाऱ्यासाठी त्या प्रत्येक गावात रात्रीपुरतं छप्पर लागतं, दुपारचं अन्न लागतं, उकळलेलं पाणी लागतं. पारोळा-एरंडोलसारख्या मोठ्या गावात जैन संघ असतो, स्थानक असतं. लहान गावात एकही जैन घर नसलं तर जिल्हा परिषदेची शाळा उघडून दिली जाते, नाहीतर एखादा शेतकरी ओसरी झाडून देतो. आधीच्या गावचे चार जण पुढच्या गावापर्यंत सोबत चालतात, तिथली मंडळी वेशीवर येतात आणि तिथून सोबत बदलते. फोन गृहस्थाकडे असतो, निरोप तोच पुढे कळवतो.

यालाच विहार म्हणतात. वर्षातले आठ महिने विहार आणि आषाढ ते कार्तिक असे पावसाळ्याचे चार महिने एका जागी, तो चातुर्मास. पावसात जमिनीवर जीवजंतू वाढतात, चालण्यानं ते चिरडतात, म्हणून थांबायचं. यंदाचा चातुर्मास आपल्या गावाला मिळावा म्हणून भुसावळ, अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा अशा गावांचे संघ काही महिने आधीच आचार्यांकडे विनंती घेऊन जातात. ते चार महिने गावाचं वेळापत्रकच बदलतं. सकाळी प्रवचन, दुपारी मुलांचे वर्ग, संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभरातल्या चुकांची उजळणी. दुकानातून वर्षभर एकमेकांना हात करणारी माणसं रोज एका सतरंजीवर बसतात.

४. उंबरठ्याच्या आत

यंत्राशिवायचं जगणं सगळ्यात जवळून दिसतं ते गोचरीच्या, म्हणजे भिक्षेच्या वेळी.

साध्वी दारात येतात. घंटीचं बटण दाबत नाहीत. घरातली बाई “मत्थएण वंदामि” म्हणून पुढे होते, “पधारा महाराजसाहेब” म्हणते आणि त्या क्षणापासून तिचं आपल्याच स्वयंपाकघरातलं वागणं बदलतं. दिवा लावायचा नाही. फिरता पंखा बंद करायचा नाही आणि बंद असलेला सुरू करायचा नाही. फ्रीजला हात लावायचा नाही. गॅसवरचं पातेलं तिथेच राहू द्यायचं. ओल्या हातानं वाढायचं नाही, निवडायला घेतलेल्या भाजीला स्पर्श करायचा नाही. यातलं काही चुकून घडलं तर ते घर त्या वेळेपुरतं असुझतं, म्हणजे भिक्षेसाठी अयोग्य होतं आणि साध्वी काही न घेता पुढच्या घरी जातात. रागावत नाहीत, पण घेतही नाहीत.

दुसरा नियम याहून अवघड आहे: खास त्यांच्यासाठी केलेलं अन्न त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी जे शिजलं असेल, त्यातलंच द्यायचं. एका घरून एक पोळी, दुसऱ्या घरून थोडी भाजी, तिसऱ्या घरून वाटीभर वरण. कुणाच्याही ताटात कमी पडू नये इतकंच घ्यायचं. बाई आग्रह करते, साध्वी पातरं मागे घेतात. घेतलेलं सगळं सूर्यास्ताच्या आत संपवायचं. रात्रीसाठी पाण्याचा थेंबही जवळ ठेवायचा नाही, औषधाची गोळीसुद्धा नाही. फाटलेलं वस्त्र शिवायला सुई हवी असेल तर ती एखाद्या घरून मागून आणायची आणि संध्याकाळच्या आत त्याच घरी परत करायची.

या सुईचा जरा विचार करा. सुईची किंमत नगण्य आहे. ती स्वतःजवळ ठेवली असती तर कुणाकडे जायची गरजच नव्हती. नियमानं ती गरज मुद्दाम शिल्लक ठेवली आहे. म्हणून दिवसातून दोनदा एका दारात जावं लागतं, एकदा मागायला आणि एकदा परत द्यायला.

५. दिवस मोजायचा सूर्यावर

मनगटावर घड्याळ नाही, भिंतीवर दिवा नाही. मग वेळ पाळायची कशी? जुनी रीत सूर्याची आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे चार समान भाग करायचे. प्रत्येक भाग एक प्रहर. दिवसाचा पहिला प्रहर पूर्ण झाला की पोरसी आली. ज्यानं पोरसीचं पच्चक्खाण, म्हणजे तेवढ्या वेळापुरता त्यागाचा नियम घेतला असेल, तो त्याआधी खातपीत नाही.

हिशोब करून बघू. जूनच्या मध्याला जळगावात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो. दिवस झाला १३ तास २५ मिनिटांचा. त्याचा चौथा भाग सुमारे ३ तास २१ मिनिटं. म्हणजे पोरसी साधारण ९ वाजून ६ मिनिटांनी. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पावणेसहा उलटल्यावर मावळतो. दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा, चौथा भाग २ तास ४२ मिनिटं आणि पोरसी ९ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास. उन्हाळ्यातला प्रहर हिवाळ्यातल्या प्रहरापेक्षा जवळजवळ ४० मिनिटांनी मोठा निघाला.

पाण्याचाही ऋतूप्रमाणे हिशोब असतो. उकळलेलं पाणी पावसाळ्यात ३, हिवाळ्यात ४ आणि उन्हाळ्यात ५ प्रहरांपर्यंत चालतं, असा परंपरेचा नियम आहे. घड्याळ आणि वीज यांच्या जोरावर आपण बाराही महिने एकाच मापाचा दिवस जगतो. इथे मात्र ऋतू बदलला की जेवणाची, पाण्याची, झोपेची वेळ सरकते. अंधार पडल्यावर वाचन थांबतं आणि पाठांतर सुरू होतं. शेकडो गाथा मुखोद्गत असणाऱ्या साध्वी आजही भेटतात, त्यामागे ही दिव्याविना जाणारी संध्याकाळ आहे.

६. नवं यंत्र दारात आलं की

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नियमांत ध्वनिक्षेपक नव्हता, विमानही नव्हतं. मग नव्या गोष्टींचा निर्णय कोण घेतं? आमिशांप्रमाणेच इथेही वाद झाले आणि वाटा फुटल्या.

१९५२ मध्ये राजस्थानातल्या सादडी इथे अनेक स्थानकवासी जैन संप्रदाय एकत्र येऊन श्रमणसंघ स्थापन झाला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या चिचोंडीचे आनंदऋषीजी पुढे या संघाचे दुसरे आचार्य झाले. हजारोंच्या सभेत साधूनं ध्वनिक्षेपकावर बोलावं की नाही, हा त्या काळातला कळीचा प्रश्न होता. त्याच्या पोटात आणखी खोल प्रश्न होता: वीज म्हणजे अग्नी का? असेल तर ती सजीव, म्हणून वर्ज्य. नसेल तर वाट मोकळी. या विषयावर विद्वान मुनींनी ग्रंथ लिहिले आणि आजही सगळ्यांचं उत्तर एक नाही.

वाहनाच्या प्रश्नावर तीन उत्तरं निघाली. सुशीलकुमार मुनी १९७५ मध्ये विमानानं अमेरिकेला गेले, तेव्हा मोठी खळबळ माजली. तेरापंथ या जैन संप्रदायाचे आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये लाडनूं इथे समणी हा नवाच वर्ग सुरू केला: साध्वींचे नियम जसेच्या तसे ठेवायचे आणि प्रवासाची मोकळीक ज्यांना द्यायची, त्यांची वेगळी पायरी करायची. तिसरी वाट पुणे जिल्ह्यातल्या चास-कमानच्या चंदनाजींची. बिहारमध्ये राजगीरला उभ्या राहिलेल्या वीरायतनातून त्यांनी दवाखाने आणि शाळा चालवल्या, सेवेसाठी वाहन स्वीकारलं. १९८७ मध्ये त्यांना आचार्यपद मिळालं, २०२२ मध्ये पद्मश्री.

या तिघांपैकी कोण बरोबर, हे ठरवणं आपलं काम नाही. महत्त्वाचं हे की प्रत्येक ठिकाणी चर्चा झाली, कडाक्याचे मतभेद झाले आणि निर्णय जाणीवपूर्वक घेतला गेला. आपल्या घरात मोबाइल शिरला तेव्हा अशी एकही बैठक झाली नव्हती.

७. पांझरेकाठचा धडा

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे धर्माचं झालं. साध्या शेतकऱ्याचं काय? त्याचं उत्तरही खान्देशातच आहे.

पांझरा आणि कान या नद्यांच्या काठी, साक्री-धुळे भागात, फड पद्धतीनं शेतीला पाणी दिलं जात आलं आहे. ही पद्धत किमान तीनशे वर्षांची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार मोठे भाग, तेच फड. यंत्र एकही नाही. पाणी उतारानं वाहतं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि कोणत्या फडात काय, हे दरवर्षी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. त्यांचं मानधन सगळ्यांनी मिळून द्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यानं टंचाई एकट्याच्या डोक्यावर न पडता वाटली जायची.

पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, विजेच्या मोटारी आल्या. मोटारीनं शेतकऱ्याचे कष्ट कमी केले, हवं तेव्हा पाणी दिलं, हे निर्विवाद. पण ज्याच्या विहिरीवर मोटार आली त्याला पाटकऱ्याची वाट पाहायची गरज उरली नाही. गरज उरली नाही म्हणून बैठकीला जाणं सुटलं. बैठक सुटली तसा पाट गाळानं भरू लागला. काही बंधाऱ्यांवर ही पद्धत अजून तग धरून आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती विस्कटली.

आमिश मोटारगाडी का टाळतात, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

८. याची किंमतही मोजा

नकाराचं कौतुक करताना त्याची किंमत लपवू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या डांबरावर अनवाणी पाय. नियम सांगतो, उजाडल्यावर चार हात पुढची जमीन पाहत चाला. ऊन सांगतं, उजाडण्याआधीच निघा. चौपदरी रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात वाहनाच्या धडकेत साधू-साध्वींचे प्राण गेल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. म्हणून आता अनेक गावांतले तरुण चमकणारी जाकिटं घालून विहारात पुढे-मागे चालतात. वय झालं, पाय थकले की चाकाच्या खुर्चीची सूट मिळते, किंवा एकाच गावी स्थिरवास करता येतो.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. साध्वींच्या पातऱ्यातली पोळी गृहस्थाच्या गॅसवर भाजलेली असते, पाणी गृहस्थाच्या मोटारीनं टाकीत चढलेलं असतं. आमिशांची भाड्याची गाडीही दुसराच कुणी चालवतो. यंत्रांच्या जगापासून पूर्ण तुटलेलं जगणं यांच्यापैकी कुणाचंच नाही. तसं त्यांचं म्हणणंही नाही. आपला हात कुठे थांबवायचा, एवढीच सीमा त्यांनी आखून घेतली आहे.

९. अठ्ठेचाळीस मिनिटं

दीक्षा घेणं थोड्यांना जमतं. गृहस्थांसाठी या परंपरेनं लहान माप ठेवलं आहे, ते म्हणजे सामायिक. त्याचा वेळ एक मुहूर्त. दिवसरात्रीचे तीस भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मुहूर्त. २४ तासांची १४४० मिनिटं भागिले ३०, म्हणजे ४८ मिनिटं. तेवढा वेळ आसनावर बसायचं. दिव्याचं बटण, पंखा, फोन, कशालाही हात लावायचा नाही. शेजारी वाळूची घडी उलटी करून ठेवतात. वाळू संपली की सामायिक पूर्ण. जळगावच्या सराफ बाजारातले आणि दाणा बाजारातले व्यापारी, दिवसभर फोन कानाला लावणारे, सकाळी हे करून मग दुकान उघडतात.

कुठल्याही धर्माच्या, किंवा धर्म न मानणाऱ्या घरालाही यातून उचलण्यासारखं पुष्कळ आहे. नवी वस्तू घरात आणण्याआधी किंमत आणि हप्ता आपण विचारतोच. त्यासोबत तीन प्रश्न विचारावेत. ही आल्यावर आपल्याला कुणाची गरज उरणार नाही? ती गरज संपणं घरासाठी बरं आहे का? आणि हा निर्णय आपण सगळ्यांनी बसून घेतला का? वॉशिंग मशिनसाठी उत्तर बहुधा होकारार्थी येईल आणि ती आनंदानं घ्यावी, कारण तिनं बाईच्या पाठीवरचा भार उतरवला आहे. जेवणाच्या पानावरच्या मोबाइलसाठी कदाचित वेगळं येईल.

आमिश, साध्वी आणि फडातला शेतकरी यांना जोडणारा धागा साधेपणाचा नाही. एकमेकांची गरज त्यांनी ओझं मानली नाही, म्हणून तिची व्यवस्था लावली आणि ती व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली. यंत्र घ्यावं की नाही, हे प्रत्येक घर आपापलं ठरवेल. मात्र ते ठरवायचं असतं, एवढं या तिघांकडून शिकून घेतलंच पाहिजे.